चकव्याच्या नावावर

आई,

गेल्या महिन्यात एका सकाळी मी बंद मोबाईल कानाला लावून अंगणात उभा राहिलो आणि पलीकडे कुणीच नसताना भांडलो. आवाज चढवून भांडलो. "माझी आई तसली नव्हती," असं म्हणालो. "तुम्ही पुण्यात पंख्याखाली बसून आमच्या बायामाणसांवर काहीही रचता, लाज वाटत नाही का?" असंही म्हणालो, आणि समोरचा काही बोलतोय असं वाटावं म्हणून मधेमधे थांबून "हां, हां, ते राहू द्या" करत राहिलो. ओट्यावर आत्या बसली होती. तिला आता दिसतं कमी, पण ऐकू सगळं येतं. माझ्या प्रत्येक वाक्याला ती मान हलवत होती. मी मोबाईल खाली घेतला तसं तिनं मला जवळ बोलावलं, दोन्ही हात माझ्या तोंडावरून फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली आणि म्हणाली, "आईचं नाव राखलंस बाबा. न्हाईतर आजकाल मेल्या माणसासाठी कोण भांडतंय?" मी आत गेलो तर बायको परातीपुढं बसून माझ्याकडंच बघत होती. "मग? काय म्हणला समोरचा?" ती म्हणाली. "माफी मागितली का, का अजून फोनच उचलला न्हाई?" मी देवघरात जाऊन बसलो. दिवा लावलेला होता. त्या दिवशी मला त्याच्याकडं बघवलं नाही.

तुला हे मुळापासूनच सांगावं लागेल, कारण तू गेलीस तेव्हा यातलं काहीच नव्हतं. गडावर जायला शनिवार-रविवारी पुण्याची पोरं आधीही येत होती, पण आता गाड्यांची रांग लागते. आपल्या पुढच्या अंगणात आम्ही पत्र्याचा मांडव घातलाय. सकाळी चहा-पोहे, गडावरून उतरलेल्यांना पिठलं-भाकरी आणि ठेचा. शेती आहे, म्हैस आहे, आणि हे. माझी धाकटी पोरगी नर्सिंग शिकते पुण्यात. गावं बंद होती त्या वर्षी ती घरी होती, तेव्हा तिनं मला मोबाईलवर एक कार्टून दाखवलं. मी म्हटलं, "अगं, माझं वय काय, मी काय बघतोय." ती म्हणाली, "दादा, बघा तर. आपल्याकडचा चकवा आहे यात." मी बघितलं. आणि आई, सांगायला संकोच वाटतो, पण त्या दिवसापासून नवा भाग आला आणि मी बघितला नाही असं झालेलं नाही. पहाटे माणसं गडावर चढून गेली की मांडवात बसायचं, कानात वायर घालायची आणि बघायचं. कुणी आलं तर म्हणायचं, कीर्तन ऐकतोय.

चकवा म्हणजे आपल्याकडं नुसती भीती होती. तिन्हीसांजेला पायाखालच्या वाटेवर माणूस फिरत राहतं आणि परत परत त्याच धोंड्याशी येतं, एवढंच आपण ऐकलेलं. तो कसा दिसतो हे कुणी सांगितलं नव्हतं, कारण कुणाला दिसलाच नव्हता. या पोरांनी त्याला रूप दिलं. धुळीच्या भोवऱ्यासारखा अंगानं, डोक्याला कुणाचं तरी हरवलेलं मुंडासं, आणि पावलं उलटी नाहीत, एक सरळ आणि एक उलटं. त्यामुळं तो चालला की कुठं चाललाय ते त्याचं त्यालाही कळत नाही. तो कुणाला मारत नाही, कुणाचं काही घेत नाही, भीतीसुद्धा दाखवत नाही. फक्त वाट जराशी मुरडतो. एका भागात एक एजंट दुसऱ्याच्या जमिनीवर मोजणीची फीत टाकत चाललेला असतो. फीत संपते तेव्हा तिचं टोक त्याच्याच बुटाशी येतं, आणि स्वतःची जमीन कुठली हे त्याला आठवेनासं होतं. एका भागात भूत उतरवणाऱ्या मांत्रिकालाच तो रात्रभर मांत्रिकाच्याच घराभोवती फिरवतो, बायको आतून विचारते "कोण आहे?" आणि त्याला नाव सांगता येत नाही. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. जो छाती काढून म्हणतो की मला वाट पाठ आहे, त्यालाच तो धरतो. "पाठ आहे ना? मग चल की!" असं म्हणतो, घोगऱ्या आवाजात, आणि बाजूला होतो. दमलेल्या माणसाच्या वाटेला मात्र तो जात नाही. डोक्यावर मोळी असलेली बाई दिसली की तो स्वतः वाटेतनं उठून बांधावर बसतो. मला ते सगळ्यात आवडलं. त्यांनी काढलेले डोंगर आपलेच आहेत, करवी तशीच, कातळ तसाच, लांब बालेकिल्ल्याचा तो उभार. रोज देवापुढं आपण म्हणतो, सरळ रस्ता दाखव. पण वाकड्या चालणाऱ्याला गोल फिरवून घरी आणायलाही देवानं कुणीतरी ठेवला असेल, तर तो असाच असावा, असं मला वाटायचं. देवाच्या दारातला एक अवखळ चाकर.

गेल्या थंडीत एक मुलगा आणि एक मुलगी गडावरून उतरून आपल्या मांडवात जेवायला बसली. मी वाढत होतो. मुलगा म्हणाला, "काका, थोडा ठेचा मिळेल?" आणि माझ्या हातातला डाव तसाच राहिला. तो आवाज मी हजार माणसांत ओळखला असता. मी म्हटलं, "तुम्ही चकवा ना?" तो हसला. म्हणाला, "हो काका. आणि ही त्याला काढते." मांडवातली बाकीची माणसं वळून बघायला लागली. मी पन्नाशीला आलेला माणूस, कपाळाला बुक्का, आणि मी त्या पोराला म्हणालो, "एकदा म्हणा ना ते." त्यानं घास गिळला आणि म्हटलं, "पाठ आहे ना? मग चल की!" बायको आत पोट धरून हसली. मी मात्र हात जोडले, खरंच जोडले.

मग माझी जीभ सुटली. मी सांगितलं, आमच्या आईला लागायचा चकवा. ती दोघं हसली, पण तसं, तोंडदेखलं. मुलगी म्हणाली, "आम्हाला प्रत्येक गावात कुणीतरी हेच सांगतं काका. कुणाच्या आजोबांना, कुणाच्या मामाला." आणि ताटाकडं बघायला लागली. आई, तिथंच मी चुकलो. त्यांचं लक्ष सुटतंय हे मला सहन झालं नाही. इतके दिवस ज्यांचं घेत आलो त्यांना आपल्याकडचं काहीतरी द्यावं, त्यांनी कधी ऐकलं नसेल असं द्यावं, असं झालं. मी म्हणालो, "आमच्या आईला तो लागायचाच नाही, हीच तर गंमत आहे." दोघांनी माना वर केल्या.

मी सगळं सांगितलं. टेकावरच्या वरकस रानात, भाताच्या राबाला जाळायचे टहाळ तोडायला तू जायचीस आणि मला बरोबर न्यायचीस, तिथपासून. आताही मला ते समोर दिसतं. ऊन कलतंय, भारा बांधून झालाय, आणि घरी जायच्या वाटेला न लागता तू ओढ्याच्या अंगाला वळतेस. हिरड्याच्या सावलीत कातळाची ती सपाट जागा आहे. तू विळा उशाला ठेवतेस, पदर तोंडावर घेतेस, गुडघे पोटाशी ओढतेस आणि म्हणतेस, "कुणी आलं तर खडा टाक. दिस त्या सुळक्याला टेकला की उठीव." आणि पुढचा श्वास घ्यायच्या आत तुला झोप लागलेली असते. मी एवढी गाढ झोप नंतर कुणाची बघितली नाही. घरात तू झोपलेली मला आठवतच नाही. मी झोपायचो तेव्हा तू जागी असायचीस आणि मी उठायचो तेव्हाही. दिवस सुळक्याला टेकायचा, मी हाक मारायचो, तू दचकून बसायचीस, आणि मग अंधारात झपाझप उतरायचं. गावाच्या अलीकडं दोन वाटा फुटतात त्या धोंड्याशी तू भारा टेकवायचीस आणि पदर सोडून उलटा करून खांद्यावर घ्यायचीस. चकवा लागला की लुगडं उलटं केल्याशिवाय सुटत नाही हे सगळ्या गावाला माहीत. घरात पाऊल टाकताना उलटा पदर आधी दिसायचा. आजी तोंड उघडायच्या आत तू म्हणायचीस, "फिरवलं वं मला. धा येळा त्याच धोंड्याशी आले." आजीची बोलती बंद. रानातल्या त्याच्याशी कोण भांडणार?

मुलगी टाळ्या वाजवायला लागली. "काका, ही कमाल आहे. आम्ही घेऊ का ही गोष्ट?" मी म्हणालो, "घ्या की. माझीच आई." मुलानं आपला फोन नंबर दिला आणि विचारलं, "घरात अजून कोण कोण होतं?" मी म्हणालो, "सासू. लई कडक." एवढंच म्हणालो. आणि त्या वेळी, आई, ज्या भाकरीचा घास त्याच्या हातात होता ती आत्यानं मागं गोठ्याकडं जाण्याआधी थापलेली होती.

आत्या माझ्या तोंडात का आली नाही, हे मी त्यानंतर खूप वेळा स्वतःला विचारलं. लपवायचं म्हणून लपवली नाही मी. गोष्ट सांगताना ती मला आठवलीच नाही. नवऱ्यानं नांदवलं नाही म्हणून परत आलेली, आजीनं उंबऱ्याच्या आत ठेवलेली, रानात नाही, बाजारात नाही, जत्रेत नाही. तू कातळावर झोपलेली असायचीस तेव्हा घरात धार कोण काढायचं? पाणी कोण आणायचं? संध्याकाळच्या सगळ्यांच्या भाकरी कोण थापायचं, आणि वर आजीचं कोण ऐकून घ्यायचं? एवढंच नाही. तुला चकवा सोडीना म्हणून तिनं निवद सुरू केला. दर अमावास्येला त्या धोंड्याशी भाकरी, कांदा, दही-भात. आजीला ते चाललं, कारण देवाधर्माचं होतं. तेवढ्यापुरतं तिला घराबाहेर पडायला मिळायचं. तू गेलीस, तरी तिनं तो थांबवला नाही. मी एकदा विचारलं होतं, "आत्या, आता कशाला?" तर म्हणाली, "वैनी गेली म्हणून काय झालं? तुमी पोरं जाता-येता की त्याच वाटंनी."

होळीच्या आधी तो भाग आला. मी मांडवात बसून बघितला. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा बघताना माझा आनंद मावेना. तू होतीस त्यात. तुझ्यासारखी दिसत नव्हतीस, पण झोपताना गुडघे तसेच पोटाशी ओढलेस. चकवा बांधावर बसून तुझी राखण करतो, माझ्या जागी तो आहे. तुझ्या नाकावर माशी बसते तर तो तिलाही गोल फिरवून लांब नेऊन सोडतो. मग घरी सासू, हे एवढं नाक, हातात लाटणं, आणि तू उलटा पदर घेऊन दारात, आणि बाहेर अंधारात चकवा हसून लोळतोय. लाखांवर लोकांनी बघितला म्हणे. शेवटी बारीक अक्षरात लिहिलं होतं की गोष्ट राजगडाच्या पायथ्याच्या एका काकांनी सांगितली. मी दुसऱ्यांदा बघितला आणि तेव्हा मला कळलं की ज्या घरात तू उलटा पदर घेऊन शिरतेस, त्या घरात चूल आधीच पेटलेली दाखवलीय, भाकरीची चळतही दाखवलीय, पण करणारं कुणीच नाही. चित्र काढणाऱ्या पोरीची काय चूक? तिला मी सांगितलंच नव्हतं. दमलेल्याच्या वाटेला चकवा जात नाही म्हणून मी त्याच्यावर जीव टाकला. आपल्या घरातला चकवा मात्र दमलेल्याच माणसाला, आत्याला, फिरवत होता, आणि त्याला तसा फिरवायला लावणाऱ्यांत मी होतो, सुळक्याकडं बघत बसलेला.

गावात कळायला वेळ लागला नाही. उलटा पदर बघितल्यावर म्हाताऱ्या माणसांनी लगेच ओळखलं. कुणाच्या तरी पोरांनी आत्याच्या पुढ्यात मोबाईल धरला. "आत्याबाय, ह्या बगा तुमच्या वैनी, कशा निजल्यात!" आत्यानं डोळ्याजवळ नेऊन बघितलं, कानाला लावून ऐकलं. पोरांनी तिला सगळं समजावून सांगितलं, मोठ्या हौसेनं. मग एक जण म्हणाला, "मंग आत्याबाय, या आवसंला चकव्याला काय, वडापाव ठेवायचा का? तुमच्या निवदाला कट्टाळला आसंल त्यो." आत्या काठी घेऊन उठली तशी पोरं पळाली. पण दुसऱ्या दिवशी ती सकाळी माझी वाटच बघत बसली होती. "ही खोटारडी बाई म्हणजे आमची वैनी व्हय? आमची वैनी आशी खोटं बोलायची न्हाई. त्या मोबाईलात आसंल ना त्यांचा फोन? लाव. माझ्याम्होरं लाव." मी म्हणालो, "जाऊ दे आत्या, चित्रं आहेत ती." ती म्हणाली, "चित्रं आसूंदे. तुझी आय हाय का न्हाई ती?" मग मी जे केलं ते तुला सुरुवातीलाच सांगितलं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. आत्या ज्याला त्याला सांगायची, "आमच्या बाबानं त्यांला धुतलं. इचारा त्याच्या बायकूला." बायको पदर तोंडाला लावायची. मी पोथी वाचायला बसायचो आणि एकेका ओवीवर अडायचो. खरं सांगावं असं रोज ठरवायचो. सांगितलं तर इतक्या वर्षांचे निवद तिच्या डोळ्यांदेखत पाण्यात जाणार, आणि तुझंही नाव जाणार. नाही सांगितलं तर ती माझ्या खोट्याची शिदोरी घेऊन जाणार. भैरोबाला कौल लावायचं मनात आलं, पण देवाला विचारायची ही गोष्ट नव्हती. देव काय सांगणार हे मला माहीत होतं.

अमावास्येला संध्याकाळी बघतो तर आत्या ताट घेऊन निघालेली. या खेपेला भाकरीवर पुरणाची पोळीही होती. बायको म्हणाली, "अहो, जा त्यांच्याबरोबर, वाट सगळी मुरमाड झालीय." मी जाऊन ताट हातात घेतलं. आत्या म्हणाली, "आज त्याला जरा जास्ती केलंय. त्याला बी राग आला आसंल. लोकं त्याच्या नावावर काय बी खपवत्यात." मला वाटलं तिथंच खाली बसावं. ती चार पावलं चालायची, काठीवर थांबायची, दम घ्यायची. धोंड्याशी पोचलो तेव्हा ऊन गेलं होतं पण उजेड होता. ती खाली बसली, पदरानं धोंड्यावरची धूळ झाडली, हात पुढं केला आणि म्हणाली, "आण."

मी ताट दिलं नाही. म्हणालो, "आत्या, ती गोष्ट त्यांना मी सांगितली."

"कुठली?"

"आईची. ती पोरं आपल्याकडं जेवायला आली होती. मीच सांगितलं सगळं."

तिनं पुढं केलेला हात मागं घेतला. मग म्हणाली, "आसलं खोटं कशापायी सांगितलंस?"

"खोटं नाही. आईला चकवा कधी लागलाच नव्हता. ती वर हिरड्याखाली झोपायची. मी राखण करायचो. पदर हितं येऊन उलटा घ्यायची, हितंच, ह्या धोंड्याशी. आणि त्या दिवशी मी फोन लावलाच नव्हता."

फोनचं तिनं ऐकलं की नाही कोण जाणे. "निजायची?" तिनं विचारलं.

"व्हय."

"नुसती निजायची?"

"व्हय आत्या. दुसरं काही नाही."

आत्या आपल्या हातांकडं बघत राहिली. मला वाटलं ती रडेल किंवा मला काठी घालेल. ती म्हणाली, "म्या तिचं पाय चेपायची रं. रानभर फिरवलंय बिचारीला, पाय भरून आलं आसतील म्हून. सारं निजलं की म्या तेल कढवायची आन् तिचं पाय घिऊन बसायची. नगं नगं म्हनायची ती. म्या म्हनायची, गप पड. माझं डोळं मिटायचं पर चेपायची." ती थांबली. "आन् ती निजून आलेली आसायची व्हय?"

आई, मला ते आठवतं. माझ्या घोंगडीतनं मला दिसायचं. चिमणीच्या उजेडात आत्या डुलत डुलत तुझे पाय चेपतेय, आणि तू भिंतीकडं तोंड करून पडलीस. तुझे डोळे उघडे असायचे. त्या वेळी तुझ्या मनात काय यायचं, हे मी तुला तू असताना कधी विचारलं नाही, आणि हे लिहिताना कळतंय की मला फक्त तेवढंच विचारायचं होतं. मी तुला दोष देत नाही. त्या घरात झोप कुणाला मिळायचीच नव्हती. तू ती चोरलीस, आणि जिच्याकडनं चोरली तिच्याकडंही ती नव्हतीच.

आत्यानं माझ्या हातातनं ताट घेतलं. मला वाटलं आता ठेवेल. तिनं ते मांडीवर घेतलं आणि वरून पदर टाकला, जसं घरी नेताना टाकतात. त्या धोंड्याकडं तिनं परत बघितलं नाही. उठायला मी हात दिला तर तो तिनं घेतला नाही, काठीवरच उठली. परतीच्या वाटेवर ती पुढं आणि मी मागं. मग, पुढंच बघत, अगदी बारीक आवाजात तिनं विचारलं, "मला कधी न्यावं हितं, आसं आलं का रं तिच्या मनात? येकदा तरी?"

मी सांगितलं, "यायचं की. लई वेळा म्हणायची. वन्संना एकदा आणायचंय हितं, दोघी मिळून झोपू म्हणायची."

आत्या थांबली. "म्हनायची?"

"व्हय."

"मंग ऱ्हाऊंदे," ती म्हणाली, आणि पुन्हा चालायला लागली. घरी आल्यावर तिनं ताट म्हशीपुढं रिकामं केलं आणि बायकोला सांगितलं, "पुढच्या आवसंपास्नं मला उठवू नगा." निवद बंद झाला. माझ्याशी ती बोलते, पण बाबा म्हणत नाही अजून.

त्या पोरांनाही मी नंतर खरा फोन लावला आणि घरात आणखी एक बाई होती हे सांगितलं. ती पुढं काय करतील ते त्यांचं ते बघतील. मी ठरवल्याप्रमाणं आत्याला सगळं सांगून टाकलं, एवढं झालं. पण हे तुझ्याशिवाय कुणाला सांगायचं नाही, म्हणून लिहून झालं की हा कागद मी देवघरातल्या दिव्यावर धरणार आहे: तिला आणायचं तू कधीच म्हणाली नव्हतीस. माझ्या देखत तरी नाही. खरं सांगायला गेलो आणि तुझ्या नावावर एक खोटं घालून आलो. तिला ते खरं वाटलंय.